कोरड्या नदीचे तीन मुक्काम

संयुक्त अरब अमिरातीतल्या सात अमिरातींमध्ये अजमान सगळ्यात लहान आहे. क्षेत्रफळ जेमतेम २६० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. एका बाजूला आखात आणि उरलेल्या बाजूंना शारजा. इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे अजमान म्हणजे समुद्रकिनाऱ्याचा कॉर्निश, दुबई-शारजापेक्षा परवडणारे घरभाडे आणि रोज सकाळी दुबईच्या दिशेने तुंबणारा रस्ता. डोंगरी नदी आणि तिची घळई शोधायला अजमानला जा, असे कोणी सांगितले तर तिथे वर्षानुवर्षे राहिलेला माणूसही बुचकळ्यात पडेल.

पण अजमान एकसंध नाही. किनाऱ्यावरचे शहर हा त्याचा एक तुकडा. दुसरा तुकडा पूर्वेला सुमारे ६० किलोमीटरवर, हजर पर्वताच्या पायथ्याशी असलेले मनामा. (बहरीनची राजधानी ती वेगळी.) तिसरा आग्नेयेला सुमारे ११० किलोमीटरवर थेट डोंगरात शिरलेला मसफूत. मध्ये दुसऱ्या अमिरातींची जमीन आहे, आणि मसफूतच्या शेजारी तर ओमानची हद्द. हे तीन तुकडे एका नदीवर नाहीत. मसफूतचे पाणी मनामाला येत नाही आणि मनामाचे अजमानच्या खाडीत उतरत नाही. तरीही अरबस्तानातल्या नदीच्या आयुष्याचे तीन टप्पे पाहायचे असतील तर हे तीन तुकडे पुरेसे आहेत. डोंगरात ती कातळ कापते, पायथ्याशी जमिनीत शिरते, आणि समुद्रापाशी तिची जागा भरतीचे पाणी घेते.

हे तुकडे कसे पडले, हे थोडक्यात सांगायला हवे. या भागात सत्ता मोजली जायची ती जमिनीने नव्हे, तर कोणती टोळी कोणत्या शेखाला मानते यावरून. अजमानचे राज्यकर्ते नुऐमी घराण्याचे, आणि हे घराणे ज्या नईम टोळीतले, तिची माणसे आतल्या डोंगरांत पसरलेली. १९४८ मध्ये अजमानचे शेख राशिद बिन हुमैद अल नुऐमी यांनी मसफूत आपल्या ताब्यात आणले. पुढे १९५० च्या दशकात ज्युलियन वॉकर या ब्रिटिश अधिकाऱ्याने गावोगाव फिरून, कोणती विहीर आणि कोणते कुरण कोणाचे हे लोकांना विचारत सीमांचे नकाशे तयार केले. आजच्या नकाशातली ठिगळे त्याच चौकशीतून आली आहेत. मनामाची आणखी एक गंमत आहे. १९६६ पासून काही वर्षे या एवढ्याशा खेड्याच्या नावाने, ‘अजमानचे अंकित’ असा उल्लेख करून, रंगीबेरंगी टपाल तिकिटे छापली जात होती. जगभरच्या संग्राहकांसाठी काढलेला तो सरळसरळ धंदा होता. त्या काळी ज्यांनी शाळेत तिकिटे जमवली, त्यांच्या वहीत मनामा सापडण्याची शक्यता बरीच आहे.

आता पहिला मुक्काम, डोंगर. मुसंदमच्या टोकापासून ओमानच्या पूर्व टोकापर्यंत सुमारे ७०० किलोमीटर पसरलेली हजर पर्वताची रांग ही भूशास्त्राच्या अभ्यासकांची पंढरी आहे. तिच्या मोठ्या भागात जमिनीवर जो खडक उघडा पडला आहे, तो मुळात समुद्राच्या तळाखालचा. साधारण साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी टेथिस नावाच्या महासागराचा तळ, आणि त्याच्याही खालच्या प्रावरणाचा मोठा पापुद्रा, अरबस्तानच्या भूखंडावर सरकत चढला. एरवी समुद्रतळाचा खडक खंडाखाली बुडतो. इथे तो वर चढून बसला. अशा खडकांच्या संचाला ओफिओलाइट म्हणतात, आणि ओमान-अमिरातीतला सेमाइल ओफिओलाइट हा जगातला सर्वांत मोठा आणि सर्वांत स्पष्ट दिसणारा नमुना मानला जातो. जगात इतरत्र भूकवचाखालचे प्रावरण गाठायचे तर किलोमीटरच्या किलोमीटर खोदावे लागेल. हजरमध्ये त्यावरून चालता येते.

हा खडक दिसायला काळपट-तपकिरी, फोडला तर आतून हिरवट. मुख्यतः पेरिडोटाइट, आणि पाण्याशी प्रक्रिया होऊन त्याचा झालेला सर्पेंटाइन. त्यातून मॅग्नेसाइटच्या पांढऱ्या शिरा धावताना दिसतात. ऑलिव्हिन या खनिजात मॅग्नेशियम भरपूर असते आणि ते हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू दगडात बंदिस्त करते. शेजारच्या फुजैरामध्ये याच गुणाचा वापर करून कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून पेरिडोटाइटमध्ये सोडण्याचा प्रयोग २०२३ मध्ये हाती घेण्यात आला. या पट्ट्यात काही झरे इतके अल्कधर्मी असतात की त्यांचा सामू ११ च्या वर जातो. अशा पाण्याला हवा लागली की पृष्ठभागावर कॅल्साइटची पांढरी साय धरते. पाण्यात हात घालण्याआधी विचार करावा, असे हे झरे.

मसफूत आणि त्याला लागून असलेले दुबईचे हट्टा हे गाव, दोन्ही ओफिओलाइटच्या दोन मोठ्या खंडांमधल्या एका चिरडलेल्या पट्ट्यात आहेत. भूवैज्ञानिक त्याला ‘हट्टा झोन’ म्हणतात. इथे समुद्रतळाच्या खडकांबरोबर जुन्या समुद्रातले चुनखडी थरही वर आले आहेत. मसफूतचे डोंगर संगमरवरासाठी ओळखले जातात, हे या गुंतागुंतीच्या भूगोलाला धरूनच आहे. खडक मोडलेला असला की पाण्याला वाट मिळते, आणि पाण्याला वाट मिळाली की माणसालाही. वादी हट्टा या पट्ट्यातून पूर्वेकडे ओमानच्या किनारपट्टीला उतरते. आखाताचा किनारा आणि ओमानचा बातिना किनारा यांच्यात ये-जा करणारे उंटांचे तांडे शतकानुशतके याच वाटेने गेले, आणि आजचा रस्ताही तिथूनच जातो.

वादी म्हणजे पावसापुरती वाहणारी नदी. वर्षातले बहुतेक दिवस तिच्या पात्रात गोटे, वाळू आणि मध्येच एखादे डबके एवढेच असते. म्हणून तिला मेलेली नदी म्हणायचा मोह होतो. तो टाळावा. तिच्या दोन्ही काठांवरचे कापलेले कडे, पात्रातले पुरुषभर उंचीचे धोंडे आणि तळाच्या घोटीव कातळातले रांजणखळगे पाहिले की हे काम पाण्याचेच, याबद्दल शंका राहत नाही. प्रश्न एवढाच पडतो, की वर्षाला सरासरी दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या डोंगरांत एवढे पाणी आले कुठून? आंबोलीत जूनच्या एखाद्या बऱ्या दिवसात एवढा पाऊस होऊन जातो.

उत्तराचा पहिला भाग पाऊस कसा पडतो यात आहे. हिवाळ्यात, डिसेंबर ते मार्च, भूमध्य समुद्राकडून येणारे कमी दाबाचे पट्टे इथे पाऊस देतात. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या डोंगरांवर ढग उभे राहतात आणि तासाभरात कोसळून मोकळे होतात. कधीतरी अरबी समुद्रातले चक्रीवादळ वळून इकडे येते. २००७ मधल्या गोनूने ओमानची दाणादाण उडवली आणि फुजैराच्या किनाऱ्यालाही तडाखा दिला. म्हणजे सरासरी दीडशे असली तरी त्यातले बरेचसे पाणी मोजक्या तासांत येते. काही वर्षे जवळजवळ कोरडी जातात आणि मग एका वर्षी सगळी बाकी वसूल होते.

दुसरा भाग जमिनीत आहे. या डोंगरांवर माती जवळजवळ नाही, गवत नाही, पाण्याला अडवणारी झाडी नाही. पत्र्याच्या छपरावर पडावा तसा पाऊस उताराला लागतो. दहा-वीस लहान घळींतले पाणी मुख्य वादीत एकाच सुमाराला पोहोचते, आणि पात्र अरुंद असल्याने त्याला पसरायला जागा नसते. त्यामुळे पाण्याची उंची आणि वेग दोन्ही वाढतात. वेगाचा हिशोब थरकाप उडवणारा आहे. वाहते पाणी जास्तीत जास्त किती वजनाचा दगड हलवू शकते, हे त्याच्या वेगाच्या सहाव्या घातावर अवलंबून असते, असा जलविज्ञानातला जुना ठोकताळा आहे. वेग दुप्पट झाला तर दगडाचे वजन ६४ पट. वर्षभर पात्रात निवांत पडलेला मोटारीएवढा धोंडा एका दुपारी शंभर मीटर पुढे कसा गेला, याचे कोडे इथे सुटते. आणि हे धोंडे, गोटे, वाळू हीच वादीची हत्यारे. नुसते पाणी कातळ फारसे कापत नाही. पाण्याबरोबर धावणारा दगड कापतो. खळग्यात अडकलेला गोटा भोवऱ्यात फिरत राहतो आणि रांजण खोल करतो. निघोजला कुकडीच्या पात्रात हेच झाले आहे. तिथला खडक बेसॉल्ट आणि नदीला पाणी कितीतरी जास्त, पण तंत्र तेच.

अशा पुराचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे तो ज्या ठिकाणी येतो तिथे पाऊस पडलेला असेलच असे नाही. वर आकाश निळे, पात्रात गालिचा टाकून बसलेली मंडळी, आणि पंधरा-वीस किलोमीटर वर डोंगरात ढग फुटलेला. आधी एक घरघर ऐकू येते, मग काड्या-कचरा आणि फेसाची भिंत पुढे ढकलत गढूळ लोंढा येतो. सांदण दरीत पावसाळ्यात उतरू नये असे भंडारदऱ्याकडचे गावकरी का बजावतात, हे ज्याला कळते त्याला वादी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

तिसरा भाग काळात आहे, आणि मला तो सर्वांत विलक्षण वाटतो. आजच्या घळया आजच्या पावसाने एकट्याने घडवलेल्या नाहीत. अरबस्तान नेहमी वाळवंट नव्हते. ओमानच्या हजरमधल्या होती गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने जे चुन्याचे स्तंभ वाढले, त्यांच्या थरांचे वय मोजून शास्त्रज्ञांनी ओल्या काळांचा क्रम लावला आहे. गुहेत पाणी ठिबकते तेव्हाच स्तंभ वाढतो. कोरड्या काळात वाढ थांबते. त्यातून दिसते की सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी आणि पुन्हा साधारण दहा हजार ते सहा हजार वर्षांपूर्वी हिंदी महासागराचा मान्सून आजच्यापेक्षा बराच उत्तरेला पोहोचत होता. आपल्याकडे कोकणात आदळणारा हा पाऊस तेव्हा हजरच्या उतारांवरही पडत होता. त्या काळी वाद्यांनी दगडगोट्यांचे प्रचंड थर पात्रात आणून टाकले. पाण्यातल्या चुन्याने ते थर एकमेकांना घट्ट चिकटून त्यांचा खडकच बनला. पुढे पाणी कमी झाले, पण पूर येतच राहिले, आणि वादीने आपणच रचलेला हा पिंडाश्म उभा चिरत खाली जायला सुरुवात केली. म्हणून हजरच्या कितीतरी वाद्यांत कड्याच्या भिंतीत अर्धे बाहेर डोकावणारे गुळगुळीत गोटे दिसतात: जुन्या नदीचे पात्र नव्या नदीच्या भिंतीत.

पाणी असले की माणूस येतो. मसफूत आणि मनामा यांच्यामधल्या प्रदेशात, शारजाच्या हद्दीतल्या जबल फाया इथे सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे सापडली आहेत, म्हणजे बरोबर त्या ओल्या काळातली. २०२५ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला. आणि कांस्ययुगात हजरचा डोंगर तांब्यासाठी नावाजला. मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांवर ज्याचा उल्लेख येतो तो ‘मगान’ देश म्हणजे हाच भाग, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तांबे मिळाले तेही त्या वर चढलेल्या समुद्रतळामुळेच.

‘हट्टा पूल्स’ नावाने प्रसिद्ध असलेली घळई पाहायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: नावात हट्टा असले तरी ती ओमानच्या हद्दीत आहे. दोन भिंतींमधून जेमतेम वाट, तळाशी हिरवट डोह, असा तो भाग. हजरमधली सर्वांत खोल घळई मात्र इथून दूर, ओमानमध्ये जबल शम्सच्या खाली आहे, आणि ती चुनखडीत कापली गेली आहे. तिच्या कड्याची उंची सुमारे एक किलोमीटर. मसफूत-हट्टाच्या वाद्या त्यापुढे किरकोळ. पण त्यांच्यापाशी काळा समुद्रतळ, पांढरा चुनखडक आणि तांबूस पिंडाश्म असे तिन्ही जवळजवळ पाहायला मिळतात, आणि हे जबल शम्सला नाही.

दुसरा मुक्काम मनामा. पश्चिमेकडे उतरणाऱ्या वाद्या डोंगरातून बाहेर पडल्या की त्यांचा वेग मोडतो. आधी धोंडे पडतात, मग गोटे, मग वाळू, आणि शेवटी पाणी स्वतःच या गोट्यांच्या मैदानात जिरते. या उतारावर उगम पावणाऱ्या वाद्यांपैकी फार थोड्या समुद्र पाहतात. सह्याद्रीतून निघालेली गोदावरी बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. हजरच्या पश्चिम उतारावरची वादी पुढच्या वाळूच्या टेकड्यांशी संपते. पण संपते ती डोळ्यांपुरती. गोट्यांच्या थरांत साठलेल्या याच पाण्यावर मनामाची शेती आणि खजुरीच्या बागा उभ्या राहिल्या.

हे पाणी वर आणायची जुनी पद्धत म्हणजे फलज. डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत विहीर खणायची आणि तिथून अगदी हलक्या उताराने भुयारी पाट काढून गावात आणायचा. मध्ये मध्ये हवा येण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी उभी विवरे. अल ऐन परिसरात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे फलज सापडले आहेत. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा किंवा मलिक अंबरने औरंगाबादला आणलेली नहर पाहिलेल्या माणसाला फलज परका वाटणार नाही. पाण्याची वाटणी वेळेने होते, कोणाची पाळी किती हे ठरलेले असते. विजेचे पंप आले आणि ही शिस्त मोडली. या मैदानांत पाण्याची पातळी गेल्या काही दशकांत खोल गेली आणि बऱ्याच ठिकाणी ते खारटही झाले. त्यावर उपाय म्हणून अमिरातीत शंभराहून अधिक बंधारे बांधले गेले. त्यांचा मुख्य हेतू पाणी साठवणे हा नाही. पूर अडवून तो जमिनीत मुरवणे हा आहे. अडचण अशी की पूर गाळ घेऊन येतो, आणि बारीक गाळाचा थर तळाशी बसला की मुरण्याचा वेग मंदावतो. गाळ काढत राहिले तरच बंधारा कामाचा. हे महाराष्ट्रातल्या पाझर तलावांबद्दल जितके खरे आहे तितकेच इथेही.

या मैदानातले राजवृक्ष म्हणजे गाफ आणि समर. गाफ हा अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष. त्याची मुळे पाण्याच्या शोधात तीस मीटरपर्यंत खोल जातात. दसऱ्याला ज्या शमीची आपण पूजा करतो, तेच हे झाड.

डोंगरातल्या डबक्यांचे जग याहून नाजूक आहे. पूर ओसरल्यावर कातळात जे पाणी मागे राहते, त्यात गारा नावाचे बोटाएवढे मासे महिनोन्महिने तग धरतात. काठाला कण्हेर फुलते, अरबी भेक ओल असेपर्यंत अंडी घालून घेतो. आणि याच वाद्यांत एक मोठा, लांब शेपटीचा सरडा राहतो, ज्याचे शास्त्रीय नाव ‘ओमानोसौरा जयकरी’. वरच्या कड्यांवर अरबी ताहर नावाची रानशेळी असते. तिचे नाव ‘अरबीट्रॅगस जयकरी’. हे जयकर म्हणजे मुंबईचे डॉक्टर आत्माराम सदाशिव जयकर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मस्कतला गेले आणि बरीच वर्षे तिथे राहिले. रोगी तपासता तपासता त्यांनी मासे, सरडे, साप, प्राणी गोळा करून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. तिथल्या बूलेंजर यांनी १८८७ मध्ये सरड्याला आणि ओल्डफील्ड थॉमस यांनी १८९४ मध्ये ताहरला जयकरांचे नाव दिले. अरबस्तानातल्या एका वाळूतल्या सापाला आणि एका समुद्रघोड्यालाही त्यांचे नाव आहे. जयकरांनी ओमानी बोलीवर लेखन केले, तिथल्या म्हणी जमवल्या आणि अद्-दमीरीच्या प्राणिविषयक अरबी ग्रंथाचा इंग्रजी अनुवादही केला. मराठी माणसाच्या आखातातल्या इतिहासाची सुरुवात आपण तेलापासून धरतो. जयकर त्याच्या कितीतरी आधी तिथे होते, आणि त्यांची दखल आपल्याकडे फार कमी घेतली गेली आहे. ताहर आज संकटात आहे. जगात तो फक्त हजरच्या रांगेत, ओमान आणि अमिरातीत उरला आहे.

तिसरा मुक्काम अजमान शहराजवळची अल झोराची खाडी. इथे डोंगराचे पाणी येत नाही. भरती-ओहोटी खाडीचा श्वास चालू ठेवते. तिवरांची दाट झाडी, रोहित पक्षी, बगळे. २०१६ मध्ये हा १९५ हेक्टरांचा भाग पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला.

पुन्हा डोंगरात यायचे तर, हट्टाच्या धरणावर अलीकडे एक मोठे काम झाले आहे. धरणाच्या वर डोंगरात दुसरा जलाशय बांधून, दिवसा सौरविजेने पाणी वर चढवायचे आणि गरज पडेल तेव्हा खाली सोडून वीज करायची, असा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प. साठवण १,५०० मेगावॅट-तासांची. आखाती देशांतला हा अशा प्रकारचा पहिला. योगायोग असा, की सांदण दरीच्या शेजारी घाटघरला २००८ पासून चालणारा आपला उदंचन प्रकल्पही २५० मेगावॅटचाच आहे. खडा उतार आणि दोन पातळ्यांमधला फरक ही दोन्हीकडची गरज एकच. फक्त घाटघरला पाऊस पाणी देतो आणि हट्टाला तेच मोजके पाणी पुन्हा पुन्हा वापरावे लागते.

मसफूत पाहायचे तर नोव्हेंबर ते मार्च हे महिने चांगले, आणि नेमका पावसाचा धोकाही तेव्हाच. १६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत मोठा पाऊस झाला. अल ऐनच्या खत्म अल शक्ला इथे २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर. त्याच वादळात दोन दिवस आधी ओमानमध्ये वादीच्या पुरात शाळकरी मुले वाहून गेली होती. अमिरातीत २०२३ पासून नियम कडक आहेत: पाऊस चालू असताना वादी किंवा धरणाजवळ गर्दी केली तर १,००० दिरहम दंड आणि वाहन परवान्यावर ६ काळे गुण, पूर आलेल्या वादीत गाडी घातली तर २,००० दिरहम, २३ काळे गुण आणि ६० दिवस गाडी जप्त. दुबईहून हट्टाला जाणाऱ्या जुन्या महामार्गाचा एक तुकडा ओमानच्या हद्दीतून जात असल्याने परदेशी रहिवाशांना शारजा-कल्बा रस्त्याने वळसा घालून जावे लागते. तो रस्ता लांब पडतो, पण हजरचे खडक नीट पाहायचे असतील तर तोच घ्यावा.